साडेबारावा भाग

बाराव्या भागात राजपुत्र कड्यावरून पडला होता.
तो कुठे पडला ते तेराव्यात कळेल, डिसेंबरात.
मधे हा एक, चोवीस मिनिटांचा,
फाइलीच्या नावातच साडेबारा लिहिलेलं.
मिनिटाला एकशे दहा रुपये,
शुक्रवार सकाळपर्यंत मराठी ओळी द्यायच्या.

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीचे अकरा.
बाबा शेजारी येऊन बसले,
बोटाला साखर तपासल्याचा कापूस.
"पडला होता ना हा?"
हो, पण हा भाग त्याआधीचा की नंतरचा
हे त्यांनीही ठरवलेलं नाही, बाबा.
"म्हणजे अधिक महिना," ते म्हणाले,
"अधिकात लग्नं होत नाहीत.
मोडतही नाहीत.
अनारसे होतात."
आणि चष्मा पुसून नीट बसले.

खरंच, काही घडत नाही.
बगळ्यांच्या राजपुत्राची पिसं झडायचे दिवस,
त्याला उडता येत नाही, म्हणून युद्ध नाही.
शिंपीण अंगण झाडते, ते पुन्हा पांढरं होतं.
तिच्या सावलीचा सौदा, सात वर्षांचा शाप,
कोणी विषयच काढत नाही.
तो शिंकतो. ती आल्याचा काढा पुढे करते.
मग तीन मिनिटं नुसत्या शेंगा सोलणं.
ओळ एकशे बेचाळीस: [शेंगांचा आवाज].

रबाळ्याची कंपनी बंद पडली तेव्हा
बाबा सात महिने घरी होते,
आईसमोर बसून रोज भाजी निवडायचे.
त्याबद्दल ते काही बोलत नाहीत.
"शेंगा जून दिसतात," म्हणतात फक्त.

एकविसाव्या मिनिटाला तो मीठ आणायला निघतो.
त्यांच्या भाषेत उंबऱ्यावर म्हणायचा एक ठरलेला शब्द आहे,
जाऊन परत येण्याचा, दोन्ही पावलं असलेला.
तो शब्द हा म्हणत नाही.
अर्धं पंख सावरत नुसतं जाण्याचं क्रियापद उच्चारतो,
आणि मी तिथे थांबवून ठेवते त्याला,
एक पाय बाहेर.

गेल्या रविवारी निषाद आला होता
कुकरची शिट्टी परत द्यायला.
चहा नको म्हणाला, मग अर्धा घेतला.
आम्ही सोडलेलं नाही एकमेकांना,
धरलेलंही नाही दिवाळीपासून.
लिफ्टपाशी म्हणाला, "जातो."
बाबा आतून ओरडले, "येतो म्हण रे! येतो म्हणावं."
तो हसला.
दार मिटेपर्यंत हसू तसंच होतं,
पण म्हणाला नाही.

येतो. जातो.
मोजून पाहिलं: दोन्हीत अक्षरं दोन, मात्रा दोन.
पडद्यावर जागा तेवढीच लागते.
जागेची सबब चालणार नाही.

मी "जातो" लिहिलं. तो तसंच म्हणाला होता.
पण त्यानंतर शिंपीण केरसुणी धरून उभी असते,
पाठमोऱ्या त्याच्याकडे बघत ओठ हलवते.
आवाज नाही. संहितेत ओळ नाही.
तिथे मी लिहिलं:
ये.
एक सेकंदही टिकत नाही पडद्यावर,
नियमाने टिकायला हवं त्याहून कमीच.

बाबा झोपले होते, मान खुर्चीच्या काठावर.

सकाळी फाइल पाठवून दिवा जेट्टीपर्यंत चालत गेले.
रोहित गेलेत. जून लागला की जातात.
चिखलात पंचवीस-तीस राहिलेत, या वर्षीची पिल्लं,
करडी, मळकट, अजून गुलाबी न झालेली.
त्यांना कोणी सांगितलेलं नसतं बहुतेक
की हा त्यांचा हंगाम नाही.
माना खाली घालून खात होती.

फोन वाजला. संपादकांचा निरोप:
"ओळ एकशे एकोणनव्वद मुळात नाही. कुठून आली?"

अजून उत्तर दिलेलं नाही.
परत येताना कुकरला नवी रिंगही घेतली,
शिट्टी होती तर.